घरात सापडलेली जुनी नाणी: ओळखायची कशी, खरी-खोटी तपासायची कशी, जपायची कशी

पहिलं काम म्हणजे काही न करणं. डबा सापडला, त्यात काळीकुट्ट नाणी निघाली की घरातलं कोणीतरी लगेच चिंच, लिंबू-मीठ, टूथपेस्ट नाहीतर तांब्याची भांडी घासायची पावडर घेऊन बसतं आणि अर्ध्या तासात शंभर-दीडशे वर्षांचा थर गटारात जातो. चकचकीत घासलेलं नाणं जाणकार माणूस लांबूनच ओळखतो, आणि तेच नाणं काळं असताना जेवढ्याला गेलं असतं त्याच्या निम्म्यालासुद्धा मग कोणी विचारत नाही. लक्ष्मीपूजनाची चांदीची नाणी दरवर्षी धुवायचीच असतील तर नवी चार वेगळी ठेवा ना, पणजोबांच्या रुपयाला कशाला त्रास. हळद-कुंकूसुद्धा थेट नाण्यावर नको, शेजारी वाहा.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग (सोनारकाम करणारे वापरतात तसलं), ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, व्यास मोजायला कॅलिपर (प्लॅस्टिकचा बरा, ओरखडे पडत नाहीत), मोबाईलचा टॉर्च, एक लोहचुंबक आणि एक वही. टेबलावर मऊ टॉवेल पसरा म्हणजे नाणं हातातून सुटलं तरी कडेला मार बसणार नाही, आणि नाणं कायम कडेनं धरा, कारण बोटाचा घाम चांदीवर आणि तांब्यावर कायमचा ठसा सोडतो.

आधी मशीनचं की हातचं ते बघा

नाणं पूर्ण गोल, दोन्ही बाजूंना उठावदार कड आणि जाडीच्या बाजूला बारीक रेघा किंवा गुळगुळीत सारखी धार असेल तर ते मशीनवर पाडलेलं. वेडंवाकडं, जाडं, अक्षरं अर्धवट बाहेर गेलेली असतील तर हातोड्याचं. अक्षरं अर्धी असणं हा दोष नाही, ठशाचा साचा मोठा आणि धातूची चकती लहान असायची, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच मिळतो. हे माहीत नसल्यानं लोक "तुटलंय" म्हणून बाजूला टाकतात.

मग लिपी. देवनागरी, फारसी, इंग्रजी, पोर्तुगीज, एवढ्यावरच निम्मी वाटणी होऊन जाते.

राजा-राणीचा चेहरा असलेली

महाराष्ट्रातल्या घरात सगळ्यात जास्त हीच निघतात. कंपनी सरकारनं १८३५ पासून सगळ्या इलाख्यांसाठी एकसारखा रुपया काढला, त्यावर आधी चौथा विल्यम, मग १८४० चा व्हिक्टोरियाचा. १८६२ पासून कंपनीचं नाव गेलं आणि मुकुटवाली राणी आली, १८७७ पासून 'क्वीन' च्या जागी 'एम्प्रेस'. त्यानंतर सातवा एडवर्ड (१९०३ ते १९१०, टकलू, डोक्यावर मुकुट नाही), पाचवा जॉर्ज (१९११ ते १९३६) आणि सहावा जॉर्ज.

इथे एक गंमत लक्षात ठेवा, नाण्यावरचं साल म्हणजे ते पाडलेलं साल असेलच असं नाही. १८६२ लिहिलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते, आणि मुंबईच्या टांकसाळीनं खरं वर्ष कळावं म्हणून बारीक ठिपके टाकले. त्यामुळे दोन १८६२ चे रुपये शेजारी ठेवून भिंगातून आकड्याच्या बाजूचे ठिपके मोजत बसणं हा एक वेगळाच नाद आहे आणि त्यात किमतीचाही फरक पडतो.

टांकसाळीची खूण बघायची सवय लावून घ्या. ब्रिटिश काळात कलकत्त्याच्या नाण्यावर सहसा खूण नसते, मुंबईच्या नाण्यावर छोटा ठिपका किंवा बारीक 'बी' असतो, दुसऱ्या महायुद्धात लाहोरला पाडलेल्यांवर 'एल'. आत्ताच्या नाण्यांवर सालाखाली बघा: मुंबईचा चौकट हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याला काहीच नाही.

आता १९११ चा रुपया. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावर जी माळ आहे तिच्यात एक हत्ती कोरलाय, पण सोंड आखूड आणि पाय बुटके झाल्यानं तो हत्ती लोकांना डुक्कर दिसला. धर्माचा प्रश्न आला, बोंब झाली, सरकारनं बरीचशी नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. म्हणून १९११ लिहिलेला रुपया दिसला तर राजाच्या छातीवर टॉर्च तिरका धरून बघा, उजळ प्रकाशात नाही दिसत, तिरप्या उजेडात दिसतो. नाणं अगदी अप्राप्य नाही पण १९१२ च्या मानानं चांगलं भाव खातं.

सहाव्या जॉर्जच्या नाण्यांत धातू बदलतो हे महत्त्वाचं. १९३९ पर्यंतच्या सालाचा रुपया ९१.७ टक्के चांदीचा, १९४० पासून निम्मीच चांदी, आणि १९४७ चा वाघवाला रुपया तर निकेलचा. म्हणजे वाघाचा रुपया चुंबकाला चिकटला म्हणून खोटा नाही, उलट चिकटलाच पाहिजे. आणि १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे, त्यामुळे १९३८ च्या आठचा नऊ केलेले 'कलाकार' रुपये फिरत असतात. तो आकडा भिंगाखाली घ्या, बाकीच्या तीन आकड्यांची धार आणि चौथ्याची धार सारखी दिसते का बघा.

भोकाचा पैसा विचारायला बरेच जण येतात. १९४३ ते ४७ मधला, युद्धात तांबं वाचवायला मध्ये भोक ठेवलं. आठवण म्हणून छान, पण ढिगानं मिळतो. स्वतंत्र भारताची पहिली नाणी १९५० ची, पैशावर घोडा, आण्यावर बैल. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत आली, 'नये पैसे' हे शब्द १९६४ पासून गेले. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली, म्हणून गेंड्याची पावली एकदम दुर्मिळ झाली असं काही नाही, घराघरात बरण्या भरल्यात.

संस्थानं आणि गोवा

मराठवाड्यातल्या घरात चारमिनारचं चित्र असलेली नाणी निघतात, ती निजामाची, हाली सिक्का. मधल्या कमानीत एक फारसी अक्षर असतं, 'मीम' असेल तर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर उस्मान अली खान. वजन इंग्रजी रुपयापेक्षा थोडं कमी, ११.१८ ग्रॅमच्या आसपास, चांदीही कमी. बडोद्याच्या सयाजीरावांचा रुपया तर सरळ देवनागरीत वाचता येतो, फक्त साल विक्रम संवतातलं आहे, त्यातून ५७ वजा करा.

गोवा, सावंतवाडी, कारवारकडे 'रूपिया' आणि 'तांगा' लिहिलेली पोर्तुगीज नाणी सापडतात. सोळा तांगांचा एक रूपिया, म्हणजे आपल्या आण्यांसारखंच. १९५८ नंतर तिथे एस्कुदो आणि सेंताव्हो आले, आणि १९६१ च्या डिसेंबरात तो अध्यायच संपला. लिपी इंग्रजीसारखी पण शब्द कळत नाहीत म्हणून लोक यांना 'फॉरेनची' म्हणून मुलांना खेळायला देतात, तेवढं करू नका.

शिवराई आणि फारसी रुपये

शिवराईवर (शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं) एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचं कडं. हे तीन ओळींत असतं आणि त्यातले दोन-तीनच अक्षरांचे तुकडे तुमच्या नाण्यावर आलेले असतात. वाचायची पद्धत अशी: खोलीतला दिवा बंद, टॉर्च टेबलाच्या पातळीला, आणि नाणं हळूहळू गोल फिरवत राहा. एका कोनात 'त्र' चा फाटा उठून दिसतो, दुसऱ्या कोनात 'रा' चा काना. फोटोही त्याच उजेडात काढा, फ्लॅशनं सगळं सपाट होतं.

आणि हो, शिवराई मिळाली म्हणजे महाराजांच्या हातची मिळाली असं नाही. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेलं हे नाणं पुढे छत्रपती आणि पेशव्यांच्या काळातही त्याच नावानं पाडलं गेलं आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलातसुद्धा दख्खनच्या बाजारात चालत होतं. मध्ये दोन आडव्या दांड्या असलेली 'दुदांडी' शिवराई पेशवेकाळातली. 'सिव', 'शीव' अशी वेगवेगळी लेखनं सापडतात, त्याला खोटं समजू नका, टांकसाळी अनेक होत्या आणि ठसे कोरणाऱ्यांचं शुद्धलेखन आपापलं होतं. सुरुवातीच्या शिवराईचं अक्षर सुबक आणि वजन भरपूर, पण नक्की कोणत्या काळातली हे ठरवायला अनुभवी डोळा लागतो आणि विकणारा प्रत्येक जण पहिल्याच काळातली म्हणतो. सोन्याचा शिवराई होन तर विसराच, साधारण पावणेतीन ग्रॅमचं ते नाणं फारच थोडं उरलंय आणि प्रतिकृती मात्र सर्रास विकायला आहेत. प्रतिकृती म्हणून घ्या, देव्हाऱ्यात ठेवा, काही हरकत नाही.

फारसी अक्षरांचा जाड रुपया निघाला तर तो 'मोगलांचा'च असेल असं नाही. पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडचा चांदोरी रुपया ही मराठ्यांची नाणी, पण मजकूर फारसी आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं, कारण बाजारात तेच नाव चालायचं. ओळख पटते ती बारीक खुणेवरून, अंकुश दिसला की अंकुशी. साल वाचायला फारसी आकडे शिका, एका संध्याकाळचं काम आहे: शून्य म्हणजे ठिपका, एक म्हणजे उभी रेघ, सात म्हणजे इंग्रजी 'व्ही', आठ म्हणजे उलटा 'व्ही'. हिजरी साल मिळालं की त्याला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. १२१५ असेल तर ११७८ आणि ६२२, झाले १८००. फसली (महसुली) साल असेल तर सरळ ५९० मिळवा. मात्र हेही गोठलेलं असू शकतं, सुरतेच्या नावाचे १२१५ आणि जुलूस (बादशहा गादीवर आल्यापासूनचं वर्ष) ४६ लिहिलेले रुपये कंपनीनं पुढे कितीतरी वर्षं तसेच पाडले.

वजन खोटं बोलत नाही (फारसं)

इंग्रजी रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, रुपयाभार हा शब्द त्यातूनच आला. अर्धा ५.८३, पावली २.९२, चवली-दुअन्नी १.४६. झिजलेला रुपया ११.३-११.४ भरला तर ठीक, पण नक्षी अगदी ताजी आणि वजन १०.२ असेल तर हात आवरा.

त्याच्या पुढची चाचणी घरात करता येते आणि ती सोनार-कसोटीपेक्षा बरी, कारण नाण्याला ओरखडा पडत नाही. काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा, तळाला आणि बाजूला टेकता कामा नये, बुडबुडे चिकटले तर झटका. काटा जे दाखवेल ते म्हणजे नाण्यानं सारलेलं पाणी. नाण्याचं वजन भागिले तो आकडा म्हणजे घनता. ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाला १.१३ च्या आसपास यायला हवं, घनता साधारण १०.३. जर्मन सिल्व्हरचा बनावट असेल तर १.३५ कडे जातं. १९४० नंतरचा अर्ध्या चांदीचा रुपया मात्र १.२२ दाखवेल, त्याला खोटा ठरवू नका. झाल्यावर मऊ सुती कापडावर टेकवून टिपा, पुसू नका.

भिंगातून बघायचं ते असं: साच्यात ओतलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात आणि जाडीच्या बाजूला कधीकधी जोडाची रेघ दिसते. अजून एक, रुपयाच्या माळेतून काढलेली नाणी. कडी तोडून तिच्या झाळणीचा डाग घासलेला असतो, तो शक्यतो राजाच्या डोक्याच्या वर कडेवर सापडतो. नाणं खरं पण किंमत पडलेली.

रामटंका, तांदूळ ओढणारं नाणं आणि लाखोंचे मेसेज

राम-सीता-हनुमान आणि मागं 'ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८' (किंवा १६१६, १७१७), अशी तांब्या-पितळेची 'रामटंका' नाणी बहुतेक प्रत्येक जत्रेत मिळतात. कंपनीनं मद्रासकडे देवांच्या आकृतीचे सोन्याचे पागोडे काढले होते हे खरंय, पण हनुमानाचा अर्धा आणा कधीच काढला नाही. १६१६ मध्ये तर कंपनीकडे मुंबईसुद्धा नव्हती, ती १६६८ ला आली. ही देवस्थानी टोकनं किंवा सरळ नंतरची बनावट.

याचाच मोठा भाऊ म्हणजे 'राईस पुलर'. म्हणे नाणं तांदूळ ओढतं, त्यात इरिडियम आहे, परदेशी कंपनी कोट्यवधी देते, फक्त आधी 'टेस्टिंग'चे पैसे भरा. असं कुठलंही नाणं नाही, कुठलीही कंपनी घेत नाही. यात शिकलेली माणसं रिटायरमेंटचे पैसे घालवून बसलीत. त्याच जातीचं दुसरं प्रकरण वैष्णोदेवीचं नाणं, पाच-दहा रुपयांचं, २०१२ चं, प्रचंड संख्येनं पाडलेलं, आणि मोबाईलवर मात्र 'दहा लाख मिळवा'. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुनी नाणी-नोटा विकत घ्यायचा धंदा बँक करत नाही आणि त्यासाठी कमिशन घ्यायचा अधिकार कोणाला दिलेला नाही. बँकेच्या नावानं फी मागितली की फोन ठेवा.

चुकीची पडलेली नाणी खरंच मागणीत असतात, पण तिथेही डोकं वापरा. ब्रॉकेज नावाच्या चुकीत एका बाजूला नीट छाप आणि दुसऱ्या बाजूला तोच छाप उलटा आणि खोल. दोन नाणी शिकंजात दाबून कोणी नकली केलं असेल तर चांगल्या बाजूची नक्षी चेपलेली दिसते. छाप घसरून बाजूला पडलाय, ठशाला तडा गेलाय, या चुका खऱ्या असतात, पण झिजून आकडा गेलेला असणं ही चूक नव्हे.

स्वच्छ करायचं की नाही, अपवादासकट

माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात दिवस-दोन दिवस ठेवा, पाणी बदलत राहा, ब्रश नको. प्लॅस्टिकच्या पाकिटाचा हिरवा चिकटपणा आला असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढा, खिडकी उघडी आणि गॅस-निरांजन लांब ठेवून. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात रंग आणि तेल असतं. चांदीसाठी इंटरनेटवर फिरणारी अ‍ॅल्युमिनियम फॉइल-खायचा सोडा ही जादू करूच नका, नाणं मेल्यासारखं पांढरं दिसायला लागतं.

तांब्यावरचा घट्ट हिरवा-तपकिरी थर हा नाण्याचं कवच आहे, राहू द्या. फिकट हिरवी भुकटी मात्र रोग आहे, नखानं टोकलं तर पिठासारखी निघते आणि ओलाव्यात परत येते. असं नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, डिस्टिल्ड पाण्याची अंघोळ, पूर्ण कोरडं, आणि सिलिका जेलच्या डबीत एकांतवास.

ठेवायचं कुठे

मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं हा पहिला शत्रू. अल्बम घेताना 'पीव्हीसी नाही' असं लिहिलेलं, पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलरचं घ्या. पुठ्ठ्याची चौकोनी होल्डर स्वस्त आणि चांगली, पण स्टेपलची पिन पक्कडीनं सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडे, आणि कोकणात राहत असाल तर पिन गंजते म्हणून चिकटणारी घ्या. चांगल्या नाण्याला अ‍ॅक्रिलिकची कॅप्सूल, आणि ती व्यास मोजूनच घ्या, सैल कॅप्सूलमध्ये नाणं खुळखुळतं. रबरबँड, वर्तमानपत्र, मखमली डबी, नवीन पॉलिशचं लाकडी कपाट, यातलं काही नको, यांच्यातून निघणाऱ्या वायूनं चांदी काळी पडते.

आपल्याकडे खरा प्रश्न पावसाळ्याचा. हवाबंद स्टीलचा किंवा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परत कोरडं करून घ्या. जून ते सप्टेंबर अल्बम उघडून पाहुण्यांना दाखवत बसू नका, ऑक्टोबरात ऊन पडलं की सगळं एकदा काढून तपासा.

बँकेच्या लॉकरबद्दल गैरसमज आहे. तिथे चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याचा घोटाळा झाला तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच, आणि पूर-भूकंपासारख्या आपत्तीला तर तीही नाही. लॉकर चांगलाच, पण विम्याच्या ठिकाणी समजू नका. घरगुती विम्यातही नाणी बऱ्याचदा वगळलेली असतात, पॉलिसी घेताना लेखी विचारा. लॉकरमध्येही दमटपणा असतो, सिलिका जेलची पुडी तिथेही टाका.

नोंदवही आणि कायदा

प्रत्येक नाण्याला नंबर द्या आणि त्या नंबरापुढे वजन, व्यास, धातू, साल, टांकसाळ, दोन्ही बाजूंचे फोटो, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आलं कुठून. "आत्याकडून, सासरच्या पेटीत होतं, जुन्नर" एवढी एक ओळ उद्या कोणी अभ्यासक आला तर सोन्यासारखी. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या बऱ्याचशांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा परत मारलेला होता. कोण जिंकलं ते त्या ढिगानं सांगितलं, तीच नाणी सुटी-सुटी बाजारात गेली असती तर काही कळलं नसतं. फोटो सोशल मीडियावर टाकताना घर, गाव, लॉकर यांचा उल्लेख नको आणि फोटोतलं लोकेशन बंद करा.

शेत नांगरताना, पाया खणताना नाणी निघाली तर ती 'माझी' म्हणून वाटून घेता येत नाहीत. १८७८ चा गुप्तधन कायदा अजून लागू आहे, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, आणि त्या कायद्यात शोधणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटाही सांगितलाय, त्यामुळे लपवण्यात तोटाच जास्त. मडकं सापडलं तर मडक्यासकट, जागेचा फोटो काढून ठेवा. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरचं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याला लग्नाची भेट म्हणून व्हिक्टोरियाचे रुपये बॅगेत टाकून पाठवायच्या आधी थांबा.

शंका आली की विकणाऱ्यालाच विचारू नका. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे, तिथे खरी नाणी एकदा डोळे भरून बघा, म्हणजे खोटं हातात आलं की लगेच खटकतं. न्युमिस्टा या नाण्यांच्या वेबसाइटवर वजन आणि व्यास टाकून शोधलं तर आधुनिक नाणी बहुतेक सापडतात. किमतीसाठी जाहिरातीत मागितलेला आकडा बघू नका, लिलावात खरोखर किती लागले तो आकडा बघा, तोही तशाच अवस्थेतल्या नाण्याचा. आणि नोंदवहीची एक प्रत घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी द्या, नाहीतर तुमच्या मागे सगळा डबा मोडीच्या भावानं जायचा.